शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण आठात एक मिळवला की पुन्हा एकपासून! पहिलीचं गणित नक्की कुठून सुरू करावं?

मुक्ता_

माझा मुलगा पहिलीत आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणतो, उलटेही म्हणतो, दोन आणि तीनचा पाढा पाठ आहे. गेल्या आठवड्यात शर्टाची जुनी बटणं घेऊन आम्ही खेळत होतो. त्याने आठ बटणं एकेकावर बोट ठेवून नीट मोजली. मी त्याच्यासमोरच ती जरा पसरून ठेवली आणि विचारलं, "आता किती?" तर पुन्हा एकपासून मोजायला लागला. मग त्या आठात आणखी एक बटण ठेवलं. पुन्हा एकपासून. पण "आठच्या पुढे काय?" असं तोंडी विचारलं की पटकन "नऊ".

म्हणजे अंकांची नावं ओळीने माहीत आहेत, पण त्या नावाचा समोरच्या ढिगाशी असलेला संबंध कुठेतरी तुटक आहे, असं मला वाटतं. शाळेत आता दोन अंकी बेरजा सुरू होतील आणि घरच्यांचं म्हणणं आहे की पुढचे पाढे घ्यायला लाग. मला मात्र वाटतंय की आधी हे मोजण्याचं पक्कं व्हायला हवं. तुम्ही मुलांना कसं शिकवलंत? कुठून सुरुवात केलीत? शिक्षक असतील त्यांनी जरूर लिहा.

पाटीपेन्सिल

मुक्ता, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मी पहिली-दुसरीलाच शिकवते आणि दरवर्षी वर्गात अशी मुलं असतात. संख्यांची नावं ओळीने म्हणणं ही कविता पाठ म्हणण्यासारखी गोष्ट आहे. ते यायला हवंच, पण मोजणं त्याच्या पुढे सुरू होतं.

गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली होती. एका वस्तूला एकच नाव. नावांचा क्रम कायम तोच. शेवटी उच्चारलेलं नाव म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती ते. मोजायला कुठल्याही वस्तू चालतात. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. तुमच्या मुलाला पहिली दोन छान जमतात. तिसऱ्यावर काम करायला हवं.

सोपी चाचणी सांगते. समोर पंधरा-वीस बटणं ठेवा आणि म्हणा, "मला सात दे." जी मुलं दहापर्यंत सहज म्हणतात त्यांतली काही मूठभर उचलून देतात, काही सातवर थांबायचं विसरून मोजतच जातात. "ही किती आहेत?" या प्रश्नापेक्षा "एवढी दे" हा प्रश्न अवघड असतो, कारण सात हा आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो आणि तिथे थांबावं लागतं.

सांजवेळ

वाचनखूण साठवली. माझी लेक बालवर्गात आहे, सगळं उपयोगी पडणार.

कैवल्य

पाटीपेन्सिल यांच्याशी बराचसा सहमत, पण एक शंका मांडतो. मुलाने पुन्हा मोजलं म्हणजे त्याला कळलेलं नाही, असं लगेच धरू नये.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्याचा प्रसिद्ध प्रयोग आठवा. दोन ओळींत सारख्याच वस्तू. मूल म्हणतं, दोन्हीत सारख्या आहेत. मग मोठा माणूस एक ओळ लांब पसरवतो आणि पुन्हा विचारतो. सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं लांब ओळीत जास्त आहेत असं सांगतात. यावरून पियाजेने निष्कर्ष काढला की मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते (संख्येची अक्षय्यता), हे त्या वयापर्यंत मुलांना कळलेलं नसतं. पण १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलून केला. ओळ मोठ्या माणसाने पसरवायच्या ऐवजी एका 'खट्याळ' खेळण्यातल्या अस्वलाने येऊन विस्कटली. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या बरीच वाढली!

म्हणजे मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न परत विचारला, की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं, किंवा याला वेगळं उत्तर हवंय. मुक्ता, बटणं तुम्ही पसरवू नका. त्याच्या हातून पसरू द्या, नाहीतर एखादं बाहुलं आणा.

खोडसाळ

आमच्याकडे पाच अधिक सहा विचारलं की चिरंजीव आधी पायातले मोजे काढतात.

सुलभा_क

खोडसाळ, हसले! पण त्यावरूनच माझा प्रश्न. लेकीच्या वर्गात बोटांवर मोजायला सक्त मनाई आहे. बोटं दिसली की ओरडा बसतो. ती आता दप्तराखाली हात लपवून मोजते. बोटं वापरणं खरंच वाईट का?

पाटीपेन्सिल

सुलभा, अजिबात वाईट नाही. बोटं हे मुलाचं पहिलं साधन आहे, कायम हाताशी असलेलं. मनाई केली तर मूल मोजायचं थांबत नाही, लपून मोजतं, आणि मग ते कसं मोजतंय हे आपल्याला दिसतच नाही. आपल्याला तर तेच बघायचं असतं!

तीन अधिक पाच करताना मूल आधी तीन बोटं मोजतं, मग पाच मोजतं, मग सगळी एकपासून मोजतं. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर ते तीन मनात धरतं आणि "चार, पाच, सहा, सात, आठ" म्हणत पुढे जातं. तिसऱ्या पायरीवर त्याच्या लक्षात येतं की पाच मनात धरले तर तीनच पावलं चालायची आहेत: "सहा, सात, आठ". या तिसऱ्या पायरीवर मूल स्वतःहून पोचतं तेव्हा बेरजेतल्या संख्यांची अदलाबदल केली तरी फरक पडत नाही, हे त्याला उमगलेलं असतं. कोणी नियम सांगितलेला नसतो. पुढे उत्तरं लक्षात राहायला लागली की बोटं आपोआप सुटतात.

मुक्ताचा मुलगा सध्या पहिल्या पायरीवर आहे. दुसरीवर न्यायला एक युक्ती: आठ बटणं मोजून झाली की त्यांच्यावर वाटी पालथी घाला. वाटीवर ८ लिहिलेला कागद ठेवा. आता बाजूला एक बटण ठेवा. आतली दिसत नाहीत म्हटल्यावर एकपासून मोजता येत नाही. "आत आठ... नऊ!" काही मुलं वाटीवर आठ वेळा टकटक करतात, तेही चालेल. चार-सहा खेळांत ती टकटक बंद होते.

दादा_बेरजे

सगळ्यांचं वाचलं. थोडं विरोधी मत मांडतो. हल्ली पाठांतर म्हटलं की लोक नाकं मुरडतात. मी दहावीपर्यंतच्या मुलांच्या शिकवण्या घेतो आणि रोज बघतो, आठवीतलं मूल समीकरण सोडवताना सात गुणिले आठवर अडतं. तिथे अडलं की समीकरणातली आधीची पायरी डोक्यातून जाते. ज्याला पाढे येतात त्याचं डोकं मोकळं असतं, तो पुढचा विचार करू शकतो. समज, समज म्हणत पाचवीपर्यंत पाढे पुढे ढकलले तर नंतर ते कोण करून घेणार? लहान वयात सहज पाठ होतं, तेव्हाच करून घ्यावं. मुक्ता यांच्या घरच्यांचं अगदीच चुकीचं नाही.

निळीशाई

दादा, पाढे पाठ हवेत याबद्दल दुमत नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न उरतोच. "तीन चोक बारा" म्हणणाऱ्या मुलाला खडे देऊन म्हणा, "हे मांडून दाखव." तीन-तीनच्या चार ओळी मांडता आल्या तर पाठांतराला अर्थ आहे.

आणि मांडता आल्या की ओझंही किती कमी होतं बघा. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. ओळी आडव्या बघितल्या काय नि उभ्या बघितल्या काय, खडे तेवढेच. हे एकदा कळलं की शंभरातले ५५ च वेगळे उरतात. एकचा आणि दहाचा पाठ करावाच लागत नाही. दोनचा म्हणजे दुप्पट, पाचचा पटकन येतो. हे सगळे वगळले तर उरतात फक्त २१. तीन त्रिक नऊपासून नऊ नव्वे एक्याऐंशीपर्यंत, मोजून बघा. एकवीस गोष्टी पाठ करायला दुसरी-तिसरीचं मूल कंटाळत नाही. शंभर म्हटल्या तर वैतागतं.

दादा_बेरजे

२१ चा हिशोब आवडला. वहीत मांडून खात्री करून घेतली. हा मी माझ्या मुलांना नक्की दाखवणार. तरीही म्हणतो, त्या एकवीसांचा रोजचा सराव हवाच. समजलं म्हणून लक्षात राहतं असं नाही.

निळीशाई

एकदम मान्य.

ओवी_आई

थोडं अवांतर, पण याच वयाचा प्रश्न आहे. माझा मुलगा सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो. त्रेपन्न सांगितलं की ३५. वाचताना मात्र २७ बरोबर वाचतो. काही दोष असेल का या काळजीत आहे. एकोणतीसला तर कधी २९, कधी ३९, कधी ३१.

कैवल्य

ओवी_आई, तो कानाने ऐकतो त्या क्रमाने लिहितोय. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. लिहायचं मात्र दोन आधी. जर्मन मुलांचंही नेमकं हेच होतं, त्यांच्याकडेही सात आधी बोलतात. चिनी भाषेत याउलट 'दोन-दहा-सात' असं सरळ म्हणतात, तिथे ऐकलं तसं लिहिलं की झालं. आपल्याकडे वर एकोण आहेच. एकोणतीस ऐकताना तीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो दोन. सगळे एकोण शिकून दम लागतो तोवर नव्व्याण्णव येतो आणि तिथे एकोण नसतोच! मुलांनी गोंधळू नये तर काय करावं.

यावर उपाय म्हणजे काही दिवस दोन्ही नावं बरोबर वापरायची. "सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात." लिहिताना "वीस"ला दोन लिहायचा, "सात"ला सात. रूढ नावं सोडायची नाहीत, ती शेवटी लागणारच आहेत.

आणि अंक उलटा काढणं, म्हणजे ३ किंवा ६ आरशात दिसतो तसा काढणं, हे त्या वयात सर्रास असतं. सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप जातं.

पाटीपेन्सिल

कैवल्य यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. पहिली-दुसरीतली सगळ्यात अवघड गोष्ट दशकच आहे आणि तिला आपण सगळ्यात कमी वेळ देतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मुलासमोर सोळा काड्या ठेवा. १६ लिहायला सांगा. मग ६ वर बोट ठेवून विचारा, "हा अंक म्हणजे यांतल्या कुठल्या काड्या?" सहा काड्या दाखवेल. आता १ वर बोट ठेवून तेच विचारा. बरीच मुलं एकच काडी उचलून दाखवतात! उरलेल्या नऊ काड्या कुठे गेल्या असं विचारलं की बघत राहतात. ही मुलं एकक-दशकाच्या रकान्यांची पानंच्या पानं बरोबर भरतात. रकाना भरायला दहा म्हणजे काय हे कळावं लागत नाही.

म्हणून काड्या आणि रबर. दहा झाल्या की रबर लावायचं, गठ्ठा झाला. गठ्ठा मुलानेच बांधायचा. आयते बांधलेले गठ्ठे दिले तर आत दहाच आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, सोडून मोजतं, आणि बरोबरच आहे त्याचं. आधी वीस-तीस गठ्ठे स्वतःच्या हातांनी बांधून होऊ देत. मग २७ म्हणजे दोन गठ्ठे, सात सुट्या. ७२ म्हणजे सात गठ्ठे, दोन सुट्या. दोन्ही शेजारी मांडून "कुठल्या जास्त?" विचारलं की ओवी_आईंच्या मुलाला स्वतःलाच हसू येईल.

वजाबाकीचं तर विचारूच नका. ४२ वजा १७. मूल लिहितं ३५. का? दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले, चारातून एक वजा केला. त्याच्या दृष्टीने नियम साधा आहे: मोठ्यातून लहान वजा करायचा. हा निष्काळजीपणा नाही, पक्का धरलेला चुकीचा नियम आहे, म्हणून नुसती लाल फुली मारून तो जात नाही. चार गठ्ठे आणि दोन सुट्या हातात द्या आणि म्हणा, "यातल्या सतरा मला दे." एक गठ्ठा तर लगेच देतं. मग सात सुट्या हव्यात, आहेत दोन. क्षणभर थांबतं, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. ते रबर काढणं म्हणजे 'उसना घेणं'. हे हाताने दहा-बारा वेळा झालं की मगच वहीतली मांडणी दाखवायची. हातच्याचंही तसंच, तिथे रबर लावायचं.

आणि पुढे शंभरच्या वर गेलात की एकशे वीस १००२० असं लिहिलेलं दिसेल. घाबरू नका, तेही ऐकलं तसंच लिहिलेलं असतं. शंभराचा जुडगा, म्हणजे दहा गठ्ठे एकत्र बांधलेले, समोर ठेवा.

सुलभा_क

रबर काढणं म्हणजे उसना घेणं! इतकी वर्षं 'शेजाऱ्याकडून उसना घ्या' ऐकत आले, शेजारी परत कधी मागतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

खोडसाळ

सुलभा, म्हणूनच तर शेजारी मुलांना गणित शिकवायला येत नाहीत.

राघू

या वयात बरोबरच्या चिन्हाकडेही बघा. मुलाला ८ + ४ = ☐ + ५ असं लिहून द्या. बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितात, काही जण सगळ्यांची बेरीज करून १७. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या मुलांनीही हेच केलं होतं. कारण पहिलीपासून त्यांनी = हे चिन्ह कायम उजव्या टोकाला पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असा होऊन बसतो. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ पोचतच नाही.

यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही. कधी ७ = ३ + ४ असं लिहा, कधी ५ + २ = ४ + ३, कधी नुसतं ६ = ६. "हे बरोबर आहे का?" विचारा आणि मुलाला भांडू द्या. दादा म्हणाले त्या आठवीच्या समीकरणांची पूर्वतयारी हीच.

दादा_बेरजे

राघू, हे अगदी पटलं. आठवीत = च्या दोन्ही बाजूंना सारखंच करायचं हे सांगून सांगून घसा बसतो.

अर्धविराम

शाब्दिक उदाहरणांबद्दल कोणीच बोललं नाही. "जास्त असेल तर बेरीज, कमी असेल तर वजाबाकी" हे सूत्र मुलांना देऊ नका अशी हात जोडून विनंती. "रमाकडे आठ मणी आहेत. ते श्यामच्या मण्यांपेक्षा तीनने जास्त आहेत. श्यामकडे किती?" जास्त शब्द दिसला की अकरा. मुलाला गोष्ट वाचू दे, मणी मांडू दे किंवा चित्र काढू दे, मग आकडेमोड. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमारास मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? कितीतरी मुलांनी ३६ सांगून टाकलं.

सांजवेळ

माझी लेक अजून बालवर्गात आहे, म्हणून विचारते. इतक्या लहान मुलांसाठी काय करावं? सापशिडी चालेल का?

कैवल्य

सांजवेळ, चालेल, पण आधी त्याहून सोपा पट करा. एका सरळ ओळीत १ ते १० ची घरं. सीगलर आणि रमानी यांनी २००८ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना असाच पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा मिनिटांच्या चारच बैठका, तरी मुलांची अंकओळख, मोजणं आणि कुठली संख्या मोठी हे ओळखणं सुधारलं. घरांत आकड्यांऐवजी रंग होते त्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. सापशिडीत एक ओळ डावीकडून जाते, वरची उजवीकडून, त्यामुळे लहान मुलं वळणावर चुकतात.

खेळताना एकच पथ्य पाळा. सोंगटी पाचवर आहे आणि फाशावर दोन पडले, तर "एक, दोन" म्हणत सरकायचं नाही. "सहा, सात" म्हणायचं. पाटीपेन्सिल यांनी सांगितलेली दुसरी पायरी इथेच हसतखेळत येते.

अनामिक_वाचक

माझी भाची तिसरीत आहे. हे सगळं घरी करून पाहिलं आहे, अगदी प्रेमाने. तरी फाशावरचे चार ठिपके तिला अजून मोजावे लागतात, आठ मोठे की सहा यावर ती अडखळते. वाचन उत्तम आहे. हे कितपत सामान्य?

पाटीपेन्सिल

तीन-चार वस्तू न मोजता ओळखणं बहुतेक मुलांना शाळेत यायच्या आधीच जमतं. तिसरीत, इतका सराव होऊनही, एक अंकी संख्यांत लहान-मोठं ठरवताना अडत असेल तर थांबू नका, तज्ज्ञांकडून तपासून घ्या. वाचनात जसा डिस्लेक्सिया तसा गणितात डिस्कॅल्क्युलिया असतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. निदान तज्ज्ञांनीच करायचं, पण तोवर तिला वेळ लावून गणितं सोडवायला बसवू नका आणि ठिपके मोजते म्हणून टोकू नका.

मुक्ता_

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. वाटीचा खेळ केला. पहिल्या दिवशी त्याने खरंच वाटीवर आठ वेळा टकटक केली, काल मात्र वाटीकडे बघून "आत आठ आहेत ना, मग दहा!" (मी दोन ठेवली होती). मग म्हणाला, "आता तू वाटी कर, मी विचारतो." पसरवायचं काम त्याच्या माकडाला दिलंय, माकड गेल्यावर तो मोजत नाही, "तेवढीच आहेत, त्याने फक्त पसारा केलाय" म्हणतो. कैवल्य, धन्यवाद!

आता मूळ प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. शाळेत दोन अंकी बेरजा पुढच्या महिन्यात आहेत. लगेच काड्यांचे गठ्ठे घेऊ की आधी आणखी काही? आणि पाढ्यांचं काय करू?

पाटीपेन्सिल

आधी दहाच्या जोड्या. हातच्याच्या बेरजेत ८ + ५ आलं की आठाला दहा करायला दोन हवेत, पाचातले दोन दिले, तीन उरले, तेरा. हे सुचायला दहाच्या जोड्या जिभेवर नाहीत, डोळ्यांसमोर हव्यात. दहा बटणं घ्या. माकडाला त्यांतली काही वाटीखाली लपवू द्या. बाहेर सहा दिसताहेत, आत किती? सुरुवातीला बोटं वापरेल, वापरू द्या. न थांबता "चार" म्हणायला लागला की काड्या आणि रबर काढा.

दादा_बेरजे

आणि पाढे?

पाटीपेन्सिल

दादा, विसरले नव्हते! येतात ते दोन आणि तीनचे म्हणत राहू देत, फक्त आता बटणांच्या ओळी मांडून. पाचचा त्याला जोडा. त्या एकवीसांतले उरलेले दुसरी-तिसरीत.